कबुलीचा सीन आधी करून बघा

लोक मला विचारतात, एवढे किस्से तुला आठवतात कसे? अहो, आठवायचे कशाला? आमच्या ऑफिसात ते विसरायला उसंतच मिळत नाही. एकावर हसून होत नाही तोवर दुसरा दारात हजर! महादेवपुऱ्यात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर बसून आम्ही दिवसभर प्रेमकथा पाडतो. मोबाइलवर ऐकायच्या, मराठीतल्या, रोज एक भाग. साताऱ्यात, लातुरात बायका भाजी निवडताना ऐकतात आणि आम्ही बंगळुरात बसून त्यांना रडवतो.

खाती वाटलेली आहेत. ऐतिहासिक प्रेम राघवेंद्र अण्णांकडे. अण्णा बँकेतून रिटायर झालेले, बसवनगुडीचे, घरात मराठी आणि दारात कानडी. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "अण्णा, तुम्ही मूळचे इथलेच का हो?" तर म्हणाले, "नाही, आम्ही पण बाहेरचेच. तुम्ही बसने आलात, आमचे लोक स्वल्प आधी घोड्यावरून आले."

भुताखेतांचं प्रेम निखिलकडे. हा नागपूरचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगची बरी नोकरी सोडून इथे आलेला. त्याचा हिरो पौर्णिमेला लांडगा होतो. रहस्यमय प्रेम शर्वरीकडे, ती पुण्याची. तिच्या गोष्टीत हिरोइनची सगळ्यात जास्त काळजी घेणारा माणूस शेवटी खुनी निघतो. मी नाशिकची, या तिघांचं लिखाण तपासते. आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर पद्मा मॅडम. त्या इथल्याच, कानडी. मराठी त्यांना पूर्ण कळतं, फक्त बोलायची वेळ आली की त्या हिंदी-इंग्रजीत शिरतात.

अजून एक गोष्ट आताच सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. निखिल शर्वरीच्या प्रेमात होता. अगदी गळ्यापर्यंत! हे मला माहीत होतं, अण्णांना होतं, मॅडमना होतं, खालच्या वॉचमनला होतं. शर्वरीला नव्हतं. आणि तिकडे पुण्यात तिच्या आईबाबांनी स्थळं बघायचा धडाका लावला होता.

*

आमच्याकडे एक नियम आहे. प्रेमाचा कुठलाही सीन रेकॉर्डिंगला जाण्याआधी दोघांनी उठून करून बघायचा. हा नियम अण्णांमुळे आला.

त्यांच्या एका भागात सरदार घोड्यावरून येतो. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार, आणि राजकुमारीची हनुवटी हळूच वर उचलतो. मी वाचलं, मला छान वाटलं. मॅडमना छान वाटलं. रेकॉर्ड झालं, गेलं. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी खाली लिहिलं, "सरदारांना हात किती?"

मॅडमनी अण्णांना बोलावून घेतलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "मॅडम, राजघराण्यातला माणूस आहे."

त्या दिवसापासून सगळं उठून करून बघायचं. अण्णांचे गुडघे दुखतात, मला हसू आवरत नाही. म्हणजे उरले कोण? निखिल आणि शर्वरी! या दोघांनी एकमेकांना गडावर मागणी घातली आहे, स्मशानात घातली आहे, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये घातली आहे, आणि एकदा कॉन्फरन्स टेबल उलटं करून होडीतसुद्धा. दर वेळी निखिलचे कान लाल. दर वेळी शर्वरी म्हणणार, "खांद्यावर हात ठेवलास तर माझं तोंड माइककडे कसं राहील? पुढचा सीन."

*

लांडग्याचा सीनही असाच करून बघितला. निखिल टेबलाखाली ओणवा, दात विचकून गुरगुरतोय. शर्वरी त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणतेय, "मी तुला तुझ्या दोन्ही रूपांत स्वीकारलंय." तेवढ्यात आमच्या सफाई करणाऱ्या रत्नम्मा बादली घेऊन आत आल्या.

"एनायतु?" त्यांनी मला विचारलं. काय झालं म्हणून. मला जेवढं कानडी येतं, तेवढ्यात लांडगा बसत नाही. मी आपली मान हलवली.

रत्नम्मांनी बादली खाली ठेवली, बाहेर गेल्या, लिंबू घेऊन आल्या आणि निखिलची दृष्ट काढली. ओणव्या अवस्थेतच! तो बिचारा उठूही शकला नाही, सीन चालू होता. पुढे कितीतरी दिवस त्या मला खुणेने विचारायच्या, पोराला आता बरं आहे का? मी निखिलकडे बघायचे, तो शर्वरीकडे बघत असायचा. मी सांगायचे, "इल्ला रत्नम्मा. अजून नाही."

*

अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा सरदाराची मालिका निखिलच्या गळ्यात पडली. मी म्हटलं, "जे चाललंय तेच चालू ठेव. काही नवीन करू नकोस."

त्याने पहिल्या दिवशी राजकुमारीकडून सरदाराला चहा पाजला. मग एका भागात गडावर पौर्णिमा आली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती! अण्णा डोळ्यांवर काळा चष्मा लावून परत आले तेव्हा त्यांचा सरदार तटावर चढून चंद्राकडे बघत ओरडत होता.

अण्णांनी सगळे भाग ऐकले. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. इतिहासाच्या बाबतीत हा माणूस भयंकर. एकदा राजवाड्याच्या पंगतीत मी बटाट्याची भाजी वाढली म्हणून माझ्याशी दिवसभर बोलले नव्हते.

शेवटी त्यांनी हेडफोन काढला. "लांडगा राहू दे," ते म्हणाले. "चहा काढ."

*

आता शर्वरीचं पहिलं स्थळ. मुलगा व्हाइटफील्डचा, चांगली नोकरी, बोलायला गोड, निर्व्यसनी. ती त्याला भेटून आली आणि आल्या आल्या म्हणाली, "काहीतरी लपवतोय."

"काय लपवतोय?"

"त्याला स्वयंपाक येतो. का येतो? म्हणजे एकटा राहत असणार. एकटा का राहतो? आणि मी घरी पोचले का, हे त्याने दोनदा विचारलं. कशाला?"

"अगं, काळजीने विचारलं असेल! माणूस चांगला असू शकतो की!"

"पहिल्या भागात असतो," शर्वरी म्हणाली, आणि तिने नकार कळवून टाकला.

त्या दिवशी निखिलने आम्हा सगळ्यांना फिल्टर कॉफी पाजली. कारण विचारलं तर म्हणाला, असंच.

*

मला निखिलचा राग यायचा, खरं सांगते. रोज दुसऱ्यांसाठी कबुल्या लिहितोस, स्वतःची एक देता येत नाही? एके दिवशी मी त्याला सरळ झापलं. तो म्हणाला, "आज बोलतो."

आणि बोलला! खालच्या दर्शिनीत, उभ्या टेबलापाशी, दोघांच्या पुढ्यात इडली-वडा. मी पलीकडच्या टेबलाला पाठ करून उभी होते, कान मागे.

"शर्वरी," तो म्हणाला, "मला तुझ्याशी लग्न करावंसं वाटतं, म्हणजे, तुला चालणार असेल तर."

शर्वरीने घास गिळला. नीट विचार केला. मग म्हणाली, "'म्हणजे' काढ. आणि 'तुला चालणार असेल तर'ने सगळी हवाच जाते. विचारायच्या आधीच माघार घेतोय तो. कोणासाठी आहे?"

आता तरी सांग रे बाबा, मी मनात म्हटलं. सांबार निवत होतं.

"लांडग्यासाठी," निखिल म्हणाला.

*

इथेच संपलं असतं तरी चाललं असतं. पण निखिल जात्याच टेस्टर. चूक सापडली की दुरुस्त करून पुन्हा तपासायला देणार! त्याने 'म्हणजे' काढलं आणि पुन्हा मागणी घातली, मेट्रोच्या पुलाखाली. शर्वरी म्हणाली, "बरं आहे. पण डोळ्यांत बघत नाहीये तो." मग त्याने डोळ्यांत बघून घातली, ऑफिसच्या कॅबमध्ये. ती म्हणाली, "आता फारच बघतोय. लांडगा आहे हे कळून येतं."

एके दिवशी मात्र ऑफिसात त्याचं ऐकून तिने हातातलं पेन खाली ठेवलं. निखिलचा चेहरा उजळला. मला वाटलं, झालं! शर्वरी माझ्याकडे वळून म्हणाली, "हे लांडग्याला देऊ नकोस. मला हवंय. इतकं सरळ मनातलं कोण बोलतं? माझ्या खुन्याला एकदम फिट बसेल."

आणि निखिलच्या आयुष्यातली सगळ्यात खरी वाक्यं एका खुन्याच्या तोंडी गेली. तो भाग आमचा तुफान चालला. लोकांनी लिहिलं, ऐकूनच अंगावर काटा आला, असल्या माणसापासून लांब राहावं.

निखिलने त्या दिवशी डबा उघडला नाही. माझा सगळा राग गेला. वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं.

*

मग दुसरं स्थळ आलं. हाही इथलाच. शर्वरी त्याला भेटून आली आणि यावेळी घाबरलेली दिसली. "काहीच सापडत नाहीये," ती मला म्हणाली. "संशय घ्यायला जागाच नाही. आई म्हणते, रविवारी हो की नाही ते सांग. नाही म्हणायला कारण तर हवं ना!" ती हे सांगत होती तेव्हा निखिल मागच्या खुर्चीवर बसून लांडग्याचे भाग तपासत होता. एकच पान कितीतरी वेळ.

शुक्रवारी अण्णांच्या मालिकेचं मोठं रेकॉर्डिंग होतं. सरदाराची कबुली आणि राजकुमारीचा होकार. श्रोते कधीपासून डोळे लावून बसले होते. राजकुमारीचा आवाज शर्वरीच देते. सरदाराचा आवाज देणारा कलाकार ट्रॅफिकमध्ये अडकला. तासाभराने त्याचा फोन आला, अजून त्याच सिग्नलला आहे. भाग तर त्याच संध्याकाळी जायचा होता.

अण्णांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. "निखिल, जा आत," ते म्हणाले. "आता तू सरदार."

"अण्णा, मला नाही जमणार."

"घोडा नाही, तलवार नाही. नुसतं तोंडाने बोलायचंय. सरी सरी, जा आता!"

काचेच्या पलीकडे दोघं समोरासमोर उभे राहिले. अलीकडे मी, अण्णा, आणि आमचा रेकॉर्डिंगवाला मंजू. मंजूला मराठी येत नाही, तो फक्त आवाजाच्या रेषा बघतो. लाल दिवा लागला. अण्णांनी सरदाराला पानभर भाषण दिलं होतं. त्यात चंद्र होता, शपथ होती, गडाच्या चिऱ्यांची साक्ष होती.

निखिलने ते पान एकदा बघितलं आणि खाली स्टँडवर पालथं ठेवलं.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय," तो म्हणाला.

बस! एवढंच. पुढे काही नाही. मंजूच्या पडद्यावर रेष सपाट झाली. मी अण्णांचा हात धरला, त्यांनी माझा. शर्वरीच्या हातात तिचं पान होतं, त्यावर राजकुमारीचं लाजणं होतं, मान खाली घालणं होतं, पैंजण होते. ती पानाकडे बघेना. ती निखिलकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच तिने कुठलीही दुरुस्ती सुचवली नाही.

मग ती माइकजवळ आली. राजकुमारीच्याच आवाजात, अगदी स्पष्ट म्हणाली, "सरदार, आमचा होकार आहे. पण घर मेट्रोजवळ हवं."

काचेच्या पलीकडे सरदार मटकन खाली बसला. मंजूने मान वळवली. "ओके, सार? वन मोअर टेक?"

अण्णांनी डोळे पुसले. मोतीबिंदूचे थेंब, असं ते आजही म्हणतात. "ओके," ते म्हणाले. "काही कट माडबेडा. जसंच्या तसं जाऊ दे."

"अण्णा," मी म्हटलं, "अहो, मेट्रो!"

"जाऊ दे म्हटलं ना!"

भाग गेला. लोक रडले. शर्वरीने पुण्याला फोन लावला आणि जिन्यात बराच वेळ बोलत राहिली. संध्याकाळी साताऱ्याच्या कुणी एका गृहस्थांनी भागाखाली लिहिलं, "लेखकमहाशय, बाकी सगळं उत्तम. पण त्या काळी मेट्रो होती का?"

अण्णा इतिहासाच्या प्रश्नांना स्वतः उत्तर देतात, दुसऱ्या कुणाला देऊ देत नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा नीट केला आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं.

"नव्हती. पण काम सुरू होतं."