भट्टी आत घ्यायची म्हणजे!

भट्टी एकदा घरात नेऊन बसवली की ती तिथंच राहते. किस्से मात्र आमच्याबरोबर टेम्पोत बसून परत येतात!

तुळजापुरात आमचं पत्र्याचं शेड आहे. खानावळीच्या भट्ट्या, अंघोळीचे बंब आम्ही बनवतो. हल्ली सोलर गीझरही बसवून देतो. वेल्डिंग आमच्या यांचं. पण एकदा भट्टी उचलताना यांची पाठ धरली, डॉक्टरांनी वजन उचलणं कायमचं बंद केलं आणि गिऱ्हाइकाच्या घरी माल पोचवायचं काम माझ्यावर आलं. मी एकटी काय उचलणार? देवानं दोन माणसं दिली. एक रज्जाकभाई, टेम्पो त्यांचाच, मला भाभी म्हणतात. दुसरे उमरग्याकडचे शिवप्पा. साठी ओलांडली तरी खांदा लोखंडाचा. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो आणि ते मला ‘तंगी’. कानडीत धाकटी बहीण!

*

माझी पहिलीच डिलिव्हरी देवळामागच्या गल्लीत, एका काकूंच्या खानावळीत. भट्टी दोन क्विंटलची आणि गल्ली अशी, की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं. टेम्पो कोपऱ्यावरच थांबला. भट्टी खाली उतरवली खरी, पण पुढं आम्हा तिघांकडून ती हलेचना.

रज्जाकभाई घाम पुसत म्हणाले, “भाभी, ये तो जमीन में उगेली है!”

तेवढ्यात सोलापूरकडची माणसं दर्शन करून त्याच गल्लीतून निघाली होती. कपाळभर मळवट. त्यातल्या एका आजोबांनी विचारलं, “काय अडलं गं, लेकी?” मी तोंड उघडायच्या आत आठ-दहा जणांनी हात घातला. “आई राजा उदो उदो!” म्हणत भट्टी उचलली ती थेट स्वयंपाकघरात! एका बाईनं तर तिला हळदीकुंकूही लावलं.

काकूंचे डोळे भरून आले. “असं कोरड्या तोंडानं जायचं न्हाय. समद्यांनी जेवूनच जायचं!”

आजोबांनी भट्टीकडं बघितलं. गार लोखंड. म्हणाले, “माय, मग आमाला उद्यापतूर मुक्काम करावा लागंल!”

*

येडशीला एक रिटायर गुरुजी राहतात. त्यांचा आईच्या वेळचा तांब्याचा बंब आम्ही गळती झाळून, चकचकीत करून परत नेला. टेम्पो दारात लावला, दोरी सोडली. एवढ्यात रामलिंगाच्या देवळाकडच्या रानातनं आलेलं एक माकड टपावर उतरलं आणि बंबाचं झाकण घेऊन लिंबाच्या झाडावर!

झाकणही तांब्याचंच. दुसरं करायचं तर तसं जुनं कुठून आणायचं? गुरुजींचा चेहरा एवढासा झाला. “आईच्या वापरातलं आहे हो ते.”

रज्जाकभाईंनी आपला डबा उघडला. “ले रे बाबा, चपाती ले, पन ढक्कन दे!” माकडानं चपाती घेतली. झाकण ठेवून घेतलं!

शेवटी गुरुजी पुढं झाले. कंबरेवर हात ठेवले आणि असा आवाज लावला, की मीच दचकले. “ठेव ते खाली!”

माकडानं झाकण सोडलं. अप्पांनी ते वरच्यावर झेललं. एक पोचाही नाही पडला!

गुरुजींनी वर झाडाकडं बघितलं. मग म्हणाले, “अख्खी नोकरी वर्गात ओरडण्यात गेली. आज पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं!”

*

भूमकडं एका शेतात खव्याची भट्टी द्यायची होती. टेम्पो बांधापाशी रुतला, म्हणून मालकानं बैलगाडी आणली. भट्टी गाडीत चढवली. चार पावलं गेलो आणि उजवीकडचा बैल जो उभा राहिला, तो राहिलाच. मालकानं हाका मारल्या, कासरा ओढला, पाठीवर थाप मारली. बैल आपला शेजारच्या ज्वारीकडं बघत उभा!

घरी दूध तापवायला चुलीवर धूर गिळत बसणारी मालकाची बायको भट्टीची वाट बघत होती. ती बांधावरनं ओरडली, “आता काय हितंच खवा आटवू का?”

अप्पा खाली उतरले. बैलाच्या मानेवरनं हात फिरवला आणि कानाशी लागून म्हणाले, “नडी, मगा, नडी!” चल, बाळा, चल!

बैल चालला. नुसता चालला नाही, झपाझप निघाला! गाडी थेट वस्तीवर.

“हा बैल कुठनं आणला?” अप्पांनी विचारलं.

“गुलबर्ग्याकडच्या बाजारातनं,” मालक कपाळाला हात लावून म्हणाला. “चार महिने झालं, म्या मराठीत वरडतोय!”

त्याची बायको अजून सणासुदीला आम्हाला खवा पाठवते. डब्यावर एक चिठ्ठी असते. ‘कानडी मास्तरांना.’

*

आता हा घरचा. दुनियेला बंब पोचवत होते, पण माझ्या घरी पाणी तापायचं ते मागच्या अंगणात, तीन दगडांवर पातेलं ठेवून. रोज वाटायचं, यांना सांगावं. पण शेडमध्ये बसून, पाठीला उशी लावून वेल्डिंग करणाऱ्या माणसाला आणखी काम काय सांगायचं?

एक दिवस टेम्पोत गोणपाटात गुंडाळलेला बंब. मी विचारलं, “कुणाचा?” रज्जाकभाई म्हणाले, “नया कस्टमर है भाभी. पता मेरेकू मालूम है.” अप्पा खिडकीतून बाहेर बघायला लागले.

मी वहीत मागची कामं लिहीत बसले होते, रस्त्याकडं लक्षच नाही. टेम्पो थांबला. मी सवयीनं उतरले, सवयीनं दाराशी गेले आणि हाक मारली, “कुणी आहे का घरात?”

आतून आमच्या यांचा आवाज आला, “आहे की! न्हाणीघर डाव्या हाताला आहे, बाई!”

उरलेल्या पत्र्यांतून यांनी महिनाभर थोडा थोडा करत बनवला होता. त्या दिवशी मी कशाला म्हणून हात लावला नाही. लावू दिला नाही त्या दोघांनी. “तंगी, आज तू गिऱ्हाईक,” अप्पा म्हणाले, “बाजूला उभं राहायचं न् चुका काढायच्या!”

मला एकही सापडली नाही.

*

आणि सास्तूरचं. तिथल्या एका शिक्षक मुलानं स्लॅबवर सोलरची टाकी बसवायला बोलावलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बांधलेलं पक्कं घर. टाकी दोरानं वर चढवली, स्टँडवर बसवली, पाइप जोडले. पाणी भरायच्या वेळेला त्याची आई अंगणातून उठून आली.

“माझ्या डोक्यावर वजन नको.”

पोरगा म्हणाला, “आई, अगं स्लॅब आहे. इंजिनिअरनं बघितलाय.”

“तवा पण घर पक्कंच हुतं,” त्या म्हणाल्या. त्यांचा नवरा आणि थोरली लेक त्या पहाटे दगडमातीखाली गेली होती. तेव्हापासून आजी घरात झोपलेल्या नव्हत्या. थंडी असो, पाऊस असो, बाज अंगणातल्या पत्र्याखाली.

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. रज्जाकभाई पाने-पक्कड आवरायला लागले.

अप्पा म्हणाले, “टाकी भरा.” मग आजींना म्हणाले, “अक्का, मी लई दमलोय. जरा आत पडू का?”

पाणी सुरू झालं. अप्पा टाकीच्या बरोब्बर खालच्या खोलीत गेले, फरशीवर टॉवेल टाकला आणि आडवे झाले. पाच मिनिटांत घोरायला लागले!

टाकी भरत होती. आजी उंबऱ्याशी बसल्या. एकदा छताकडं बघायच्या, एकदा अप्पांकडं. रज्जाकभाईंचा मोबाईल वाजला, तर आजींनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. मधेच उठून एक वाकळ आणली, अप्पांच्या अंगावर घातली आणि पुन्हा उंबऱ्याशी जाऊन बसल्या. टाकी काठोकाठ भरली, वरून पाणी सांडलं. आजी हलल्या नाहीत. अप्पाही नाहीत. दुपार उलटली, उन्हं दारातून आत आली.

मग त्या उठल्या. आत गेल्या. वाकळीचं टोक धरून हलवलं.

“ओ पाव्हणं, उठा आता. माझी बाज टाकायचीया तिथं.”