होणाऱ्या चुलत सासऱ्याचा हक्क

२१ एप्रिल. गच्चीवर जुनी साडी अंथरून ठेवली होती आणि खाली अंगणातल्या चुलीवर मी कुरडयांचा चीक घाटत होते. यात हात थांबला की गुठळ्या होतात, म्हणून पाहुणे नेमके याच वेळी येतात. आले ते मुलाचे काका. आमच्या मुलीसाठी त्यांच्या पुतण्याचं स्थळ आलेलं, दोघांची पसंती झालेली, तारीख तेवढी काढायची होती.

मुलगी दत्तक आहे हे आम्ही पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. आमच्या गावात, नेकनुरात, ते कुणाला सांगावं लागत नाही. तिला आणलं त्या दिवशी एसटीतून आमच्या आधी बातमी उतरली होती. तिलाही कळायला लागल्यापासून माहीत. जन्म देणारी कोण, हे मात्र आम्हालाही ठाऊक नाही. संस्थेनं दिलेल्या कागदांत वजन, लसी आणि झोपेच्या सवयी एवढंच होतं. बाकी फाइल बंद.

काकांना ती उघडून हवी होती. दोन्ही घरं बौद्ध.

"ताई, आपल्यात जातबीत न्हाई. छप्पन सालीच सोडली," खुर्ची ओढत ते म्हणाले. "पण पोरगी मूळची कुणाची, तेवढं कळलं म्हंजी बरं."

आजोबांनी जे सोडलं ते नेमकं कुठे पडलंय, याची नातवंडांना खबर हवीच.

बरं, ते विचारायला आलेच नव्हते, तक्रार करायला आले होते. आदल्या दिवशी ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन बीडला बालसंरक्षणाच्या कार्यालयात जाऊन आले होते. तिथल्या मॅडमनी विचारलं, तुम्ही मुलीचे कोण? यांनी सांगितलं, होणारा चुलत सासरा. या नात्याची कायद्यानं अजून दखल घेतलेली नाही. मॅडमनी समजावलं की मुलगी सज्ञान आहे, अर्ज तिचा तिनंच करायचा, तिच्या नावानं दुसऱ्या कुणाला काही मिळत नाही. आणि जन्म देणाऱ्या आईनं स्वतः मूल सोपवलेलं असेल, तर नाव सांगायला तिचीही संमती लागते. एवढं सांगून पेढे परत दिले. काकांना कायद्यापेक्षा पेढ्यांचंच जास्त लागलं होतं.

"मग तुमी जा," ते म्हणाले. "तुमी तर आई. तुमाला कावून न्हाई म्हणतील?"

"मलाही म्हणतील," मी म्हणाले. इतकी वर्षं तिच्या डोक्याला तेल लावून मी पोचले कुठे, तर पेढेवाल्या काकांच्या शेजारी. तेवढ्यात हात थांबला आणि चीक तळाला लागला.

मुलगी सोऱ्या धुऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काका, अर्ज मी करणार आहे. ती कोण होती हे मला बघायचंय. तुमाला सांगायसाठी न्हाई."

"मग लग्नाचं कसं?"

"लग्न तुमच्याशी न्हाई, काका."

घरी विचार करून कळवतो म्हणत काका निघाले. चहा मात्र पूर्ण घेतला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. काका बीडला गेल्याचं त्याला म्हणे माहीतच नव्हतं. काही कळलं तर सांगायचं की नाही ते मीच ठरवीन, असं मुलीनं त्याला सांगितलं. काकांना काय सांगू, असं त्यानं आधी विचारलं, मग चालेल म्हणाला. तो आधीचा प्रश्न मी लक्षात ठेवला आहे.

मला सांगशील का, हे मी तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन कुरडया उलटल्या, करपलेलं पातेलं घासलं आणि पहिल्या एसटीनं तिच्याबरोबर बीडला गेले. ती आत गेली. मी बाहेरच्या बाकावर बसले.