कच्चा माज

पनवेलात मी दोन शेळ्यांवर सुरुवात केली. मदतीला कुणी आलं नव्हतं. पुढे गोठा झाला, आणि माझ्या बोकडासारखा बोकड आसपासच्या गावांत कुणाकडे नव्हता, म्हणून लोक आपल्या शेळ्या फळवायला माझ्याकडे आणत. शेळी माजावर आहे की नाही, हे मी लांबूनच ओळखत असे. ती चाऱ्याला तोंड लावत नाही, उगाच ओरडत राहते, शेपटी एकसारखी हलवते. कमरेवर हात दाबला की पळत नाही, पाय रोवून उभी राहते. हे सगळं दिवस-दीड दिवस टिकतं. तेवढ्यात बोकड दाखवला नाही, तर पुन्हा एकवीस दिवस थांबायचं.

दिवाळी सरल्यावर कोन गावची एक बाई अजून एकदाही न व्यालेली शेळी घेऊन चालत आली. तिचा नवरा मिठागरावर कामाला होता. त्याला मी चांगला ओळखत होतो. भर बाजारात माझ्या दुधाच्या बरणीत बोट बुडवून, ते चार लोकांपुढे धरून तो म्हणाला होता, "पाणी हाय." पाणी नव्हतं. आजही सांगतो, नव्हतं. पण माझी अर्धी गिऱ्हाइकं त्या बोटामागे गेली.

"दादा, काल सांजेपासून वरडतेय," बाई म्हणाली. "लेक चैत्रात बाळंत व्हायची हाय. तिला दूध उतरत नाय, आन् आधीच्या पोराला गायीचं सोसलं नाय. तवर ही व्याली पायजे."

मी शेळीच्या कमरेवर हात दाबला. ती खांबासारखी उभी राहिली. मी हात काढून घेतला. "कच्चा माज आहे. परवा आण."

"तुमचा बोकड तर दार फोडतोय."

"एसटीचा भोंगा ऐकला तरी फोडतो तो."

ती हसली. "तुमाला ठावं, दादा," म्हणाली आणि शेळी ओढत परत गेली. शेळी मागे वळून ओरडत होती.

परवा ती आली तेव्हा माज उतरला होता. मी मुद्दाम बोकड सोडला. शेळी त्याला चुकवत अंगणभर पळाली. "बघ," मी म्हणालो. एकवीस दिवसांनी तेच, त्यानंतर पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी सांगून टाकलं, "वांझ आहे ही. खाटकाला दे, नाहीतर मला दे."

तिनं शेळीचे दोन्ही कान हातांनी झाकले. "तिच्यासमोर असं नका बोलू, दादा."

मटणाच्या भावात मी ती घेतली, आणि त्यातही घासाघीस केली. पुढच्या माजाला बोकड दाखवला. एकाच खेपेत फळली. ज्येष्ठ संपता संपता दोन करडं झाली.

त्यानंतर आठवड्याभरात बाई लोटा घेऊन आली. नात दोन महिन्यांची होती, गायीचं दूध ओकत होती. मी काही बोलायच्या आत दाव्याला बांधलेली शेळी तिच्याकडे बघून ओरडू लागली. बाईनं करडं पाहिली.

"तुमी हिला वांझ बोलला होतात."

"माझ्याकडे आल्यावर सुधारली."

"तुमच्या हाताला गुण हाय," ती म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. तो टोमणा नव्हता.

खरं सांगून दावं तिच्या हातात द्यायचं, एवढंच करायचं होतं. नवऱ्याचं ते बोट डोळ्यांपुढे आलं आणि मी लोटा घेऊन शेळीखाली बसलो. काठोकाठ भरून दिला. मग ती दुधात बोट बुडवेल, म्हणून वाट पाहत उभा राहिलो. तिनं बुडवलं नाही. लोट्यावर पदर धरून ती झपाझप चालू लागली, आणि ती वळणाआड होईपर्यंत शेळी ओरडत राहिली.