आमच्या कॉकरचा उजवा कान

आमच्या कुत्रीला कान दोन, पण चालू एकच. म्हणजे बाहेरून दोन्ही आहेत, लांब, केसाळ, पाणी पिताना वाटीत बुडणारे. कॉकर स्पॅनियल आहे ती, या जातीचे कान असेच असतात. पण डावा आमच्याकडे येण्याआधीच गेला होता. बालीगंजमधलं एक कुटुंब परदेशी निघालं होतं, त्यांच्याकडून आम्ही तिला आणलं. त्यांनी तेव्हाच सांगितलं की डाव्या कानात सारखं इन्फेक्शन व्हायचं, शेवटी ऑपरेशन करून आतली नळीच काढावी लागली, त्या बाजूने तिला ऐकू येत नाही. उजवा तेवढा सांभाळा, म्हणाले.

आणि आम्ही सांभाळतच होतो! आई तर जास्तच.

बाबा बँकेत आहेत, त्यांच्या बदलीमुळे आम्ही कलकत्त्यात, बेहालात राहतो. पण घरातला रविवार अजून पुण्याचाच आहे. रविवारी न्हाणं. आई पळीत खोबरेल तेल घेते, त्यात लसणाची पाकळी टाकते, पाकळी लालसर झाली की गॅस बंद, आणि तेल कोमट झालं की कापसाच्या बोळ्याने दोन थेंब कानात. मला लहानपणी घातलं, माझ्या मावसभावंडांना घातलं. मग कुत्री आली तर आई म्हणाली, "एकच कान उरलाय बिचारीला, त्याला तरी तेलपाणी नको का?" झालं. दर रविवारी मी नाही म्हणून पळायचे आणि ती शहाण्यासारखी मान वाकडी करून बसायची.

यंदा दुर्गापूजेच्या आसपास ती डोकं झटकायला लागली. फट् फट् फट्, दिवसभर. मग सोफ्याला कान घासणं. मग पोटाची कातडी लाल, पंजे चाटून चाटून ओले. कानाला घाण वास यायला लागला, शिळ्या इडलीच्या पिठासारखा. आईने काय करावं? तेल वाढवलं. रविवारचं एक दिवसाआड केलं. आणि मग एका सकाळी बाबांनी सहज कानावरून हात फिरवला तर ती त्यांच्यावर दात काढून वसकन आली. चावली नाही, पण बाबा हात धरून तसेच उभे राहिले. "ही अशी नाही," एवढंच म्हणाले. टॅक्सी बोलावली.

इथे डॉक्टरांच्या दवाखान्याला चेंबर म्हणतात, तसं हे प्राण्यांच्या डॉक्टरांचं चेंबर, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर. डॉक्टर वयस्कर, बंगाली, समोर मुलगी असो की मांजर, तिला "मा" म्हणणारे. कान उलटा केला, आत वाकून पाहिलं, आणि नाक वर करून आईला म्हणाले, "बौदी, इस में फोरोन किसने दिया?"

बौदी म्हणजे वहिनी, आणि फोरोन म्हणजे फोडणी. मला इतकं हसू आलं की मी कुत्रीच्या पाठीत तोंड लपवलं.

आई म्हणाली, "नही नही, कुछ नही डालते हम. खाली थोडा तेल."

"थोडा?"

"लसून का. हमारे में सबको डालते."

"कुत्ते को भी?"

"ये अभी घर की है ना," आई म्हणाली.

डॉक्टरांनी कापसाच्या काडीने कानातला मळ घेतला, काचेच्या पट्टीवर फिरवला, पट्टी जरा शेकली, रंगात बुडवली, धुतली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. स्वतः पाहिलं आणि मग आईला बोलावलं. आईने चष्मा वर केला, खाली केला, शेवटी काढून ठेवला. नंतर मीही पाहिलं. जांभळे ठिपके, भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचे, एकमेकांना चिकटून, नुसती गर्दी! डॉक्टर म्हणाले, हे यीस्ट. थोडं प्रत्येक कुत्र्याच्या कातडीवर असतंच. हिला मुळात अ‍ॅलर्जी आहे, म्हणून पोट लाल आणि पंजे ओले. त्यात कलकत्त्याची दमट हवा, त्यात हे झाकलेले कान. आणि यीस्टला सगळ्यात जास्त काय आवडतं, तर तेल.

आईचा चेहरा मी पाहिला नाही, मुद्दामच.

मग ते जे म्हणाले त्याने माझं हसू गेलं. नळी सुजून इतकी बंद झाली होती की आतला पडदा दिसतच नव्हता. औषधाने सूज उतरली तर ठीक. नाही उतरली तर डाव्या कानाचं झालं तेच याचं. नळी काढायची. मग ती पूर्ण बहिरी.

टॅक्सीत आई एकदम माझ्याकडे वळून, "तुझ्या कानात घातलंच ना मी? ऐकू येतंय ना तुला?"

"येतं."

"ऐकत नाहीस ती गोष्ट वेगळी."

बाबा पुढच्या सीटवरून म्हणाले, "पडदा दिसेपर्यंत सगळ्यांचंच तेल बंद."

औषधं साधी होती. सूज उतरायच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ थेंब, आणि मधून मधून कान धुवायचं औषध. ते कानात ओतायचं, कानाच्या मुळाशी चोळायचं, आत पचपच आवाज येतो, मग तिला डोकं झटकू द्यायचं आणि जे बाहेर येईल तेवढंच कापसाने पुसायचं. काडी आत अजिबात घालायची नाही. मी केलं तर गुरगुर, बाबांनी केलं तर टेबलाखाली. आईने केलं की मान वाकडी करून गप. एवढं सगळं होऊनसुद्धा! म्हणून मग आईच करायची. पहिल्यांदा औषध अर्धं साडीवर सांडलं.

वास कमी झाला. झटकणं कमी झालं. पण ऐकू येतंय का, ते नक्की कळेना. हाक मारली की कधी यायची, कधी नाही, आणि ते तर ती आधीपासूनच करते.

नरकचतुर्दशीला पहाटे आईने पाट मांडला, उटणं कालवलं. ही बया सगळ्यांच्या आधी पाटावर. दर दिवाळीला तिलाही तेल-उटणं लागायचं ना. आईने तेलाची वाटी हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं, आणि उठून वाटी फ्रीजच्या वर ठेवून आली. नुसतं ओवाळलं तिला. ती पाटावरून उठेना. बाबा म्हणाले, "आंघोळ माझी आहे, हिला कोणीतरी सांगा." शेवटी उचलून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी कालीपूजा. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी जे फटाके वाजतात त्याला तोड नाही, खिडकीच्या काचा थरथरतात. कुत्रा पाळणारे सगळे त्या दिवशी दारं-खिडक्या बंद करून, पंखा मोठा करून, कुत्र्याला पोटाशी धरून बसतात. आम्हीही दरवर्षी तेच करायचो. यंदा खाली पहिली माळ लागली आणि ती सोफ्यावर झोपलेली तशीच. दुसरी लागली. शेपूट नाही, डोळा नाही, काही नाही.

आई उठली आणि तिने बाल्कनीचं दार सताड उघडलं.

"अगं, काय करतेस?" बाबा म्हणाले.

"घाबरू दे," आई म्हणाली. "जरा तरी घाबरू दे तिला."

धूर आत आला, आवाज तर असा की मीच कानावर हात ठेवले. ती झोपलेलीच. आम्ही तिघं तिच्याभोवती उभे. गल्लीतले सगळे आपलं कुत्रं घाबरू नये म्हणून धडपडत होते आणि आम्ही ती दचकावी म्हणून वाट बघत होतो. आईने दार लावलं. जेवायला बसलो पण कोणी जेवलं नाही नीट.

चेंबर उघडल्यावर पहिला नंबर आमचा. आईने फटाक्यांचं सांगितलं, मध्येच थांबत, हिंदी सोडून मराठीत जात. डॉक्टरांनी आत पाहिलं आणि म्हणाले, "रास्ता खुल गया है." नळीची सूज उतरली होती! पण सूज उतरल्यावर आतला जुना मळ सुटून खाली गेला होता आणि पडद्यावर बूच बसावं तसा बसला होता. तिला किंचित गुंगीचं इंजेक्शन देऊन त्यांनी कोमट सलाईनने हळूहळू धुतलं. तपकिरी लगदा ट्रेमध्ये पडत राहिला. त्याला तेलकट चकाकी होती. आई ट्रेकडे पाहत राहिली, मी तिचा हात धरला तर तिने सोडवून घेतला आणि परत स्वतःच धरला.

"पोर्दा ठीक है," डॉक्टर म्हणाले. पडदा जरा जाड झालाय, पण शाबूत आहे. ऑपरेशन नाही. कान धुणं मात्र जन्मभर.

गुंगी उतरल्यावर ती टेबलावर उठून बसली. डॉक्टर तिच्या मागे गेले, डाव्या बाजूला, आणि भिंतीशी उभं राहून एकच टाळी वाजवली. तिने झटकन मान वळवली. उजवीकडे! तिथे कपाट होतं. कपाटाकडे तिने नीट पाहिलं, कान उचलून, कपाळाला आठ्या घालून, की बोल, काय म्हणायचंय.

मी घाबरून डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला ते कळत नाही, आला एवढं कळतं.

"आला ना पण?" आईने मराठीतच विचारलं.

त्यांना ते कळलं. त्यांनी परत टाळी वाजवली, आणि ती परत कपाटावर भुंकली.