नाथाच्या नावाचे तीन आकडे

माझ्या बापाच्या, नाथाच्या डोक्यात तीनच आकडे राहतात, असं एका साहेबाच्या वहीत लिहिलेलं आहे. ते खोटं आहे, आणि ते आम्हीच त्याच्याकडून लिहवून घेतलं. आग लागो आमच्या शहाणपणाला.

आमचा पाडा कोपरीच्या खाजणाला, खाडीकाठच्या खारट दलदलीला लागून. सगळे आगरी, सगळे मिठागरावर. माझ्या बाला अक्षर येत नव्हतं, पण मिठाच्या कुठल्या कोंडीत कधी पाणी घेतलं, कुठून किती टोपल्या मीठ निघालं, हंगामभराचं सगळं तोंडपाठ. मिठागराचा मेहता वही चाळायची सोडून बाला हाक मारायचा. बाची एकच हौस, मी लिहायला शिकावं. ठाण्याची शाळा सकाळची, आणि सकाळी आम्ही पोरं आयांबरोबर मिठावर. पाड्यात दुपारची शाळा द्या म्हणून बा तीन वर्षं कचेरीत खेटे घालत होता.

प्लेगाच्या आधी चारेक वर्षं, चैत्रात, एक गोरा साहेब आला. माणसाचं मन मोजतो म्हणे. आकडे वाचून दाखवायचे, ऐकणाऱ्यानं तसेच म्हणायचे, किती ध्यानात राहिले ते लिहायचं. आमच्या पाड्याचा परशुराम पाटील म्हणाला, चांगली दहा माणसं निवडून देतो. साहेबाला ते नको होतं. पाटील आपलीच माणसं पुढे करील, ही त्याला धास्ती. त्यानं पाड्यातल्या सगळ्या कर्त्या पुरुषांची नावं चिठ्ठ्यांवर लिहवली, घागरीत टाकली आणि न बघता दहा काढल्या. साहेब हुशारच. पण घागरीतून एक नाव निघतं आणि घरातून दुसराच माणूस निघतो, हे त्याला कोण सांगणार?

आमच्याकडे सरकारातून नाव निघालं की ती वेठ. तंबू वाहा, नाहीतर खडी फोडा. वेठीला घरातलं बिनकामाचं माणूस धाडायचं आणि त्यानं चिठ्ठीतल्या नावाला हजर म्हणायचं, ही रीत. त्यात मीठ ओढायचे दिवस. कुणी भ्रमिष्ट आजा पाठवला, कुणी ताडी प्यालेला मेव्हणा. बाचं नाव निघालं तसा पाटील म्हणाला, "नाथा, तू मिठावरून हलू नको. गणूला धाड."

गणूकाका बाचा धाकटा भाऊ. लहानपणीच्या तापात त्याचे कान गेलेले, समोरच्याचे ओठ बघून एखाददुसरा शब्द कळायचा तेवढाच.

आई, सगुणा तिचं नाव, एवढंच म्हणाली, "तुम्हीच जा ना. काय इचारतात ते तरी कळंल."

"वेठीत काय कळायचंय?" बा म्हणाला आणि फावडं उचलून गेला.

गणूकाका संध्याकाळी हसत आला. साहेबानं खडीसाखर दिलेली.

साहेब मग आसपासच्या पाड्यांवर फिरत राहिला. ज्येष्ठात बाच्या शाळेच्या मागणीला कचेरीतून उत्तर आलं. तिथल्या शिपायानं वाचून दाखवलं: या पाड्यातल्या लोकांना तीन आकड्यांपलीकडे ध्यानात राहत नाही असं साहेबांना आढळलं, सबब शाळा खाडीपलीकडच्या गावाला दिली आहे.

बा तसाच साहेबाच्या बंगल्यावर गेला. मी सोबत होतो. साहेबाचा कारकून सामान बांधत होता.

"रावसाहेब, मला इचारा."

कारकुनाला गंमत वाटली. त्यानं वही उघडून बारा आकडे वाचले. बानं बारा म्हटले. मग न सांगता उलटे म्हटले. कारकुनाचं हसू गेलं.

"नाव काय तुझं?"

"नाथा."

त्यानं पानं उलटली. "नाथा तर येऊन गेला. तीन आकडे."

"तो माझा भाऊ. त्याला ऐकू येत नाय."

"मग तेव्हा का नाही आलास? आता घेता येणार नाही. आपण होऊन येणारा साहेबांना चालत नाही, चिठ्ठीत निघालेलाच लागतो."

"चिठ्ठीत मीच निघालेलो, रावसाहेब."

कारकुनानं वही पेटीत ठेवली आणि दोरी आवळली. माझा त्याच्यावर राग नाही. राग आहे तो पाटलावर, आणि खरं सांगायचं तर बावर.

परतताना बा खाजणाच्या बांधावर बसला आणि पोरासारखा रडला. गणूकाकाला त्यानं कधी कारण सांगितलं नाही.

आता मी साठीला आलो. मिठागराच्या हजेरीला अंगठा देतो. ते बारा आकडे मला पाठ आहेत, सरळ आणि उलटे, बा म्हणाला तसेच. कधीही विचारा, म्हणून दाखवतो. लिहून तेवढं मागू नका.