डोहातला आसरा

कोल्हापुरात सल्ला फुकट मिळतो. मिसळीची प्लेट पुढ्यात येईपर्यंत शेजारच्या बाकड्यावरचा माणूस तुमच्या गुडघेदुखीपासून पोरीच्या लग्नापर्यंत सगळं मार्गी लावून मोकळा झालेला असतो. अशा गावात सल्ला विकून पोट भरायचं म्हणजे धाडसच की. जोतीराम चौगुले ते धाडस कित्येक वर्षं करतोय. राजारामपुरीत वरच्या मजल्यावर एक खोली, दारावर पाटी, 'जलसंवर्धन सल्लागार'. मेलेली तळी जिवंत कशी करायची हे तो गावोगावच्या पंचायतींना सांगतो. पाण्यावर पसरलेलं केंदाळ कसं काढायचं, गाळ कुठवर उपसायचा, कुठं थांबायचं, पाण्यात काय सोडायचं, काठाला काय लावायचं. माणूस कामाचा पक्का. शब्दाचाही पक्का म्हणायचे लोक, आणि तिथंच घोडं पेंड खातंय.

पंचगंगेच्या घाटावर हा गडी रोज सकाळी पोहायचा. आता नदीत पाय घालत नाही. आंघोळीला बसला की डोक्यावर पाणी घेताना डोळे उघडे ठेवतो, साबण गेला तरी मिटत नाही. बायको अनुजा विचारून विचारून थकली. सांगतो पावणं, कसं झालं ते.

गडहिंग्लजच्या खाली, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेलं एक गाव. नाव कशाला हवं. गावाबाहेर तळं होतं, पण तळं म्हणायची लाज वाटावी असं. वरनं केंदाळाची गोधडी, खाली काळा चिखल, कडेनं जाताना नाक दाबायचं. पंचायतीनं जोतीरामाला बोलावलं. त्यानं पाणी तपासलं, तळ चाचपला आणि त्याच्या ध्यानात आलं की वरच्या अंगाला एक खोल डोह आहे, त्याच्या बुडाशी जिवंत पाझर आहेत. वैशाखात सगळं तळं आटलं तरी तिथं पाणी राहणार, मासळी तिथं तगणार, पुढच्या साली तिथूनच सगळीकडं पसरणार. म्हणजे बाकी तळं उपसा, पण डोहाला धक्का नको.

आता हे गावाला पटवायचं कसं? गाळ म्हणजे उसाला सोनं. पोकलँड आणलंय म्हटल्यावर लोक थांबतात होय? याआधी दोन-तीन गावांत त्यानं घसा कोरडा करून सांगितलं होतं, लोकांनी मान डोलावली होती आणि डोह खरवडून नेला होता. तिथली तळी पुन्हा मेली. म्हणून या गावच्या सभेत, वीरभद्राच्या देवळात, त्यानं सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं, "त्या कोपऱ्यात आसरा हाय. त्याला हात लावू नका."

त्याला म्हणायचं होतं, माशांना आसरा. निवारा. पण मागं बसलेल्या म्हाताऱ्या आक्कानं पदर डोक्यावर ओढला आणि हात जोडले. आसरा म्हटल्यावर तिच्या मनात निवारा कुठला यायला! आसरा म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या सात बाया. डोहात राहतात, आगळीक झाली की माणूस ओढून नेतात. देवळातली माणसं वळून आक्काकडं बघायला लागली. एकाचं बघून दुसऱ्यानं हात जोडले.

जोतीरामाच्या ते लक्षात आलं. यायला काय, तोही याच मातीतला. त्याची आजी सात खड्यांना कुंकू लावायची. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं, अहो, मी माशांचं बोलतोय. नाही बोलला. आपसूक काम होतंय म्हटल्यावर मूग गिळून बसला. दुसऱ्या दिवशी पोकलँडवाला त्या कोपऱ्याकडं फिरकलासुद्धा नाही. चार दिवसांत करंजाच्या झाडाखाली सात दगड मांडले गेले, त्यांना शेंदूर लागला, हिरव्या बांगड्या आल्या.

आणि तळं काय उठलं म्हणता! पाणी नितळ झालं, मरळ मासळी परतली, खंड्या येऊन बसायला लागला. डोहाच्या तोंडाशी जोतीरामानं स्वतःच्या हातानं कमळं लावली होती, ती फुलली. सरपंच हंबीररावांनी त्याला फेटा बांधला, नारळ दिला. बाहेरगावची माणसं तळं बघायला यायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या गुंडूची म्हैस उन्हानं कासावीस होऊन डोहात शिरली. गुंडू तिच्यामागं गेला. म्हैस पलीकडनं निवांत बाहेर आली. गुंडूचा पाय कमळाच्या देठांत अडकला. भर दुपार, काठावर पंधरा-वीस माणसं, त्यांतली निम्मी पट्टीची पोहणारी. कुणी पाण्यात उतरलं नाही. आसरांच्या तोंडचा घास कोण काढणार?

हंबीररावांचा फोन आला. ते शांतपणे म्हणाले, "आसरांनी एक नेला सायेब. तुमी सांगितलंतंच की."

त्या दिवसापासनं जोतीरामाची झोप गेली. नळ टपकला तरी त्याला वाटायचं, कुणीतरी हात मारतंय. डोळे मिटले की नितळ पाणी दिसायचं, त्यानंच नितळ केलेलं, आणि त्यातनं वर आलेला पंजा. माणूस आपण मारला, असं त्याला सरळ सरळ वाटत होतं, आणि ते फार चुकीचं होतं असं मी तरी म्हणणार नाही. वर आणखी एक धास्ती. उद्या दुसरं कोण बुडालं तर? गाव पुन्हा काठावर हात जोडून उभं राहणार. शेवटी त्यानं ठरवलं, जाऊन सांगायचं. आधी गुंडूच्या बायकोला, मग गावाला. लोकांनी जोड्यानं हाणलं तरी चालेल. जीपमध्ये त्यानं ट्रॅक्टरची एक फुगवलेली ट्यूब आणि लांब दोर टाकला आणि निघाला.

गुंडूच्या बायकोनं, गंगव्वानं, त्याला सोप्यात बसवलं, चहा ठेवला. कपाळ मोकळं, हात मोकळे, पण सोप्याच्या कोपऱ्यात हिरवा खण घडी करून ठेवलेला. दर अमावास्येला ती आसरांची ओटी भरायला असा खण पाठवते, असं तिनं सांगितलं. जोतीरामानं चहाचा घोट घेतला, घसा साफ केला, गंगव्वा, मला एक सांगायचंय म्हणाला. ती म्हणाली, आधी माझं ऐका अण्णा, हे कुणाजवळ बोललेलो न्हाय.

"माझं म्हायेर हिरण्यकेशीच्या काठाचं. लुगडं खोचून मी पूर कापत हुतो. त्या दिवशी मी काठावरच हुतो अण्णा. मालक हितनं त्या चुलीएवढं लांब हुतं. हात वर केलता त्यांनी, माझ्याकडं बघून. मी न्हाय गेलो. आसरा हायत म्हणून न्हाय गेलो."

जोतीरामानं कपबशी खाली ठेवली. ती त्याच्याकडं टक लावून बघत होती.

"तुमी शिकलेलं माणूस. तुमीच सभेत सांगितलंतं. हायत न्हवं त्या?"

काय सांगणार हो? नाहीत म्हटलं तर नवऱ्याला आसरांनी नेलं नाही. मग कुणी घालवला? ती बाई उरलेला जन्म त्या काठावर उभी राहणार.

"हायत, गंगव्वा," जोतीराम म्हणाला.

तिनं डोळे पुसले आणि चहा निवला म्हणून दुसरा टाकायला उठली.

मग गावाला तरी सांगायचं की, असं म्हणाल तुम्ही. गावाला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर गेलंच असतं. त्यानं ट्यूब आणि दोर करंजाच्या फांदीला टांगला, चार माणसं गोळा केली आणि सांगितलं, आसरांची आज्ञा आहे समजा, कोण पाण्यात पडलं की हे टाकायचं. लोकांनी मान डोलावली. आक्कानं हात जोडले. खोट्यावर खोटं चढवून गडी परत आला, पण निदान दोर तरी आहे, असं मनाशी म्हणत राहिला.

पुढच्या अमावास्येनंतर गेला तर ट्यूबला हळदकुंकू लागलेलं, गळ्यात झेंडूची माळ. वाऱ्यानं पडू नये म्हणून दोराचे वेढे घालून ती बुंध्याशी आवळलेली, गाठीवर गाठ. वर पत्र्याची पाटी, पांढऱ्या रंगात, 'आसरांचं आहे. हात लावू नका.'

आता तो दर अमावास्येनंतर जातो. पाण्याकडं पाठ करून करंजाखाली बसतो आणि नखांनी एकेक गाठ सोडवतो. पुढच्या अमावास्येला गाठी पुन्हा बसलेल्या असतात. बाया लांबनं बघतात, हात जोडतात. गाव म्हणतं, सायेबाला आसरांनी धरलंय. खोटं कसं म्हणू?