जानरावनं घरी कालवलेला युरिया

दुकानातून आणलेली वस्तू जानरावनं जशीच्या तशी वापरली असेल तर शपथ. नवा पंखा आणला तरी आधी खोलून पाहणार, दोन स्क्रू स्वतःच्या मनाचे लावणार, मगच टांगणार. छत्तीस वर्षं भिलाईच्या कारखान्यात बॉयलरचं पाणी शुद्ध करायच्या खात्यात काढली. त्याआधी बापासोबत साकोलीकडच्या धानाच्या बांध्यांत राबला. दोन्हीकडं हातानं काम केलं आणि त्या हातांवर त्याचा जरा जास्तच भरोसा बसला. सेक्टर दोनचं क्वार्टर सुटलं, स्मृती नगरात घर झालं, पण हे खूळ काही सुटलं नाही.

आता खरं सांगायचं तर या खुळानंच त्याच्या बायकोला जग दाखवलं. तुळसाबाईला लकवा मारून चार वर्षं झाली होती. डावं अंग गेलेलं, बसवलं की दहा मिनिटांत कलंडायची. तिच्यासाठी रेल्वे नाही, बस नाही, मोटार नाही. तेव्हा जानरावनं एक दुसऱ्याची वापरलेली ट्रॅव्हलर गाडी घेतली, सगळ्या सीटा काढून टाकल्या आणि आत घरच मांडलं. कठड्याचा पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, पडद्यामागं कमोड. लोक हसले. हसू द्या. त्या पलंगावर पडल्या पडल्या तुळसाबाईनं राजिमचा मेळा पाहिला, डोंगरगढचा डोंगर पाहिला.

गाडी नव्या नियमाची होती. तिला डिझेल वेगळं आणि धुरातलं विष मारणारं पाणी वेगळं लागायचं. डब्यावर त्याचं नाव डीईएफ, पण ड्रायव्हर लोक सरळ युरियाच म्हणतात. त्याची निळ्या झाकणाची टाकी निराळी असते, आणि ती रिकामी झाली की गाडी अडून बसते. जानराव पावर हाउस भागातल्या एका दुकानातून सीलबंद बकेट आणायचा आणि दर वेळी कुरकुरायचा.

"युरिया अन् पाणी. काय असते यात? युरिया म्या लहानपणापासून बांध्यात फेकला, पाणी जिंदगीभर साफ केलं. अन् हे लोक मलेच विकून राहिले."

एका सकाळी चंपतचा फोन आला. चंपत म्हणजे तुळसाबाईच्या मोठ्या बहिणीचा, सिंधुताईचा मुलगा. मायलेक साकोलीकडच्या गावात राहायचे.

"मावसाजी, मावशीले घेऊन या. आई तिचंच नाव घेऊन राहिली. डॉक्टर म्हणते, आजचा दिवस."

तुळसाबाई तीन वर्षांची असताना तिची आई गेली. तिला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं, लग्न करून दिलं ते सिंधुताईनं. फोन ऐकल्यावर तुळसाबाई एवढंच म्हणाली, "चाला लवकर. मले तिचं तोंड पायचं आहे."

जानरावनं चावी फिरवली तर समोर निळ्या झाकणाची टाकी संपत आल्याचा दिवा. पावर हाउसचं दुकान उघडायला अजून अवकाश होता. शेजारचा हिरालाल, जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, फाटकाशी येऊन म्हणाला, "भैया, बायपास के पंप पर बाल्टी मिल जाएगी। वहीं से भर लेना।"

किती साधी गोष्ट होती. पण जानरावच्या परसात भाजीसाठी भावानं दिलेली युरियाची अर्धी थैली होती आणि बॅटरीसाठी आणलेलं शुद्ध पाणी होतं. प्रमाण तर डब्यावरच छापलेलं. सव्वातीन किलो युरिया, पावणेसात लिटर पाणी. त्यानं वजनकाट्यावर मोजलं, कालवलं, चौघडी धोतरातून गाळलं. पाणी लख्ख दिसत होतं. थोडा कडवट वास आला, पण त्याच्याकडं लक्ष द्यायला त्याला फुरसत नव्हती. सगळं टाकीत ओतलं आणि निघाला. दिवा विझला तेव्हा तर तो खूश झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

राजनांदगाव मागं पडलं आणि दिवा पुन्हा लागला. मग गाडीचा जोर गेला. चिचोल्याच्या अलीकडं ती वीसच्या वर जाईना, आणि एका ढाब्यासमोर बंद पडली ती पुन्हा सुरूच होईना. राजनांदगावहून मिस्त्री यायला दोन तास गेले. त्यानं टाकीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"काका, ये कहाँ से भराया?"

"दुकान से," जानराव म्हणाला.

"इसमें नीम की बास है। खेत वाला यूरिया डाले हो।"

मिस्त्रीनं समजावून सांगितलं. आता शेताच्या युरियाला कडुनिंबाचं तेल चोपडलेलं येतं. ते धोतरातून गळत नाही, गाडीच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं. टाकी उतरवून धुवावी लागेल, फवारा खोलावा लागेल. जानराव ऐकत राहिला. त्यानं ज्या काळात युरिया फेकला तेव्हा तो नुसता पांढरा असायचा, त्याला कसलाच वास नसायचा. चाळीस वर्षांत युरिया बदलला होता आणि जानरावनं कोणाला विचारलं नव्हतं. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अवो, किती वेळ लागन?" आतून तुळसाबाईनं विचारलं.

"होते, होते आता," तो म्हणाला.

दोन वाजता चंपतचा फोन आला. फोन तुळसाबाईच्या उजव्या हाताशीच होता, तिनंच घेतला. जानराव धावत दाराशी आला तेव्हा ती सांगत होती, "नको, माती थांबवू नका. आमचं काही खरं नाही. उजेड आहे तवर करून घ्या." फोन ठेवून तिनं त्याला खिडकीचा पडदा ओढायला सांगितला.

टाकी धुऊन, गाडी सुरू करून ते सिंधुताईच्या गावात पोचले तेव्हा माती आटोपून लोक नदीवरून परत आले होते. गाडीचं मागचं दार उघडलं, बाया जवळ आल्या. कोणीतरी विचारलं, "एवढा उशीर कावून झाला?"

"गाडी बिघडली बाई," तुळसाबाई म्हणाली. "मशीनच ते. यायनं लय धडपड केली."

जानरावला गप्प राहता आलं असतं. सगळ्यांनी मानलंही असतं.

"बिघडली नोहोती," तो म्हणाला. "म्या बिघडवली. रस्त्यावर पंप होता, हिरालालनं सांगतलं होतं. म्या आपल्या शाहाणपणानं घरी युरिया कालवून टाकला. म्हणून मावशी तुह्या आईले भेटली नाही, चंपत."

बाया एकेक करून बाजूला झाल्या.

"मले मालूम होतं," तुळसाबाई जड जिभेनं म्हणाली. "मिस्त्री बोलला तवाच म्या आयकलं. घरी गेल्यावर, दोघंच असतानी, तुमच्यावर रागवाचं होतं मले. तुम्ही इथी सगळ्याइपुढं सांगून मोकळे झाले. आता ते बी राहून गेलं माह्यं."

जानराव गाडीत चढून तिच्या पलंगाशी आला.

"उचला मले," ती म्हणाली. "तिच्या खोलीत न्या."

जानरावनं तिला दोन्ही हातांवर उचलून आत नेलं. खोली नुकतीच धुतलेली होती आणि खाट बाहेर काढून भिंतीला उभी केलेली. तुळसाबाईनं त्या ओल्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. टेकवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं त्याच्याच खांद्यावर तोंड टेकवलं आणि रडली.